वृद्धांच्या वॉर्डची धुरा सांभाळणाऱ्या सिस्टरांसाठी : आमच्या अभ्यासवर्गाची माहिती

सोलापुरातल्या नर्सिंग होमचे मालक, मेट्रन आणि रोज ड्युटी करणाऱ्या सिस्टर, या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे.

आधी आमच्यातल्याच एका सिस्टरच्या रात्रपाळीतला प्रसंग सांगतो. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजी, वय पंचाहत्तरच्या पुढे. सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री त्यांनी मराठी सोडलं, नुसतं तेलुगू बोलू लागल्या आणि मांडीवर सूप असल्यासारखी बोटं हवेत फिरू लागली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देताना, एवढंच सांगितलं गेलं होतं, "म्हाताऱ्या आहेत, जरा भ्रमिष्टासारखं करतात." मुलगाही म्हणाला, वय झालं आता. पण वॉर्डातली मावशी हळूच बोलली, "सिस्टर, काल तर माझ्याशी नातवाच्या लग्नाचं छान बोलत होत्या."

म्हातारपणाचा विसरभोळेपणा एका रात्रीत येत नाही. सिस्टरनी चार्ट काढला. दुपारपासून लघवी जेमतेम, आदल्या रात्री झोपेची गोळी, तीन दिवस शौचाला नाही आणि चष्मा घरीच राहिलेला. हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ, होता, आणि त्याची कारणं समोर कागदावर होती. डॉक्टरांनी गोळी थांबवली, पाणी भरून काढलं, पोट साफ केलं. सिस्टरनी चष्मा मागवला आणि सुनेला उशाशी बसून तेलुगूत बोलत राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी आजींनी मराठीत चहा मागितला.

या प्रसंगात सिस्टरनी स्वतः इंजेक्शन दिलं नाही की औषध बदललं नाही. त्यांनी मावशीचं ऐकलं, चार्ट वाचला, डॉक्टरांना नीट सांगितलं आणि घरच्यांना कामाला लावलं. आम्ही नेतृत्व म्हणतो ते हेच, आणि ते शिकवता येतं. बहुतेक ठिकाणी सिस्टर इनचार्ज होते ती नोकरीच्या वर्षांवर. माणसं कशी सांभाळायची हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ आम्ही ओव्हरवर आणि रात्रीच्या फोनवर घालवतो. "सर, पेशंट इरिटेबल आहे," असं सांगितलं की पलीकडून "सकाळी बघू" येतं. त्याऐवजी असं बोलायचा सराव करून घेतो : "सर, सहा नंबरच्या आजी, ऑपरेशनचा दुसरा दिवस. कालपर्यंत नीट बोलत होत्या, संध्याकाळपासून मुलाला ओळखत नाहीत. दुपारी दोनपासून लघवी दीडशे एमएल. मला डिलिरियम वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." शेवटची दोन वाक्यं म्हणायला पुष्कळ जणींना धीर होत नाही, म्हणून तीच दहादहा वेळा म्हणायला लावतो. आणखी एक. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गुपचूप पडून राहणारे, जेवण परत पाठवणारे आजोबा निसटतात. तोही डिलिरियम असू शकतो.

बाकीच्या गोष्टीही शिकवतो. बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, धोका पाच मुद्द्यांवरून मोजायची पट्टी इंग्लंडच्या डोरीन नॉर्टन यांनी १९६२ मध्ये मांडली. त्या स्वतः नर्स होत्या, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पडण्याचा धोका ओळखण्यासाठी आडवं असताना आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी घ्यायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्या पेशंटला एकट्याने बाथरूमला जाऊ द्यायचं नाही. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी! वय झालं की तहान कळेनाशी होते. "पाणी हवं का?" विचारलं तर उत्तर "नको" येतं, म्हणून विचारायचं नाही, भांडं हातात द्यायचं. हृदय किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन असेल तिथे मात्र डॉक्टरांना विचारूनच.

वर्ग दहा आठवड्यांचा, दर गुरुवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच. सकाळपाळी करून येता येतं. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला बसवून घेत नाही, तिला झोप हवी. एका तुकडीत बाराच जणी, ब्रदरही चालतील. प्रत्येकीने आपल्या वॉर्डात एकच बदल करायचा आणि सहा आठवडे मोजत राहायचं. त्याला मेट्रनची संमती लागते, म्हणून अर्जावर त्यांची सही घेतो.

हेही स्पष्ट सांगतो. आमचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. वृद्ध परिचर्येचा वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा वेगळा. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेने मान्य केलेलेच तास धरले जातात, आमच्या वर्गाचे तास त्यात मोजू नका. फी संस्थेने भरावी, सिस्टरच्या पगारातून कापू नये, ही मालकांना कळकळीची विनंती.

पहिल्या दिवशी येताना आपल्या वॉर्डातला भरलेला एक इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती पाणी गेलं, लघवी किती झाली याची नोंद) आणा, पेशंटचं नाव झाकून. सुरुवात त्याच्यापासूनच करू.