इंजिनामागचं नागपूर

रेल्वेचा जुना फोटो हातात आला की पाहणारा आधी इंजिनाकडे बघतो. मी रुळापलीकडे बघतो. इंजिनाचा नंबर, वर्ग, ते कुठल्या कारखान्यातून आलं, हे रेल्वेच्या दप्तरात कुठेतरी लिहिलेलं असतंच. पण कुंपणामागची कवेलूंची घरं, कडुनिंबाखाली उभे टांगे, तळ्याचा काठ, गिरणीचं धुराडं यांची नोंद कुणी मुद्दाम ठेवली नाही. ती फोटोच्या कडेला अनायासे आली आणि म्हणूनच टिकली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची जी.आय.पी., भुसावळहून अकोला, बडनेरा, वर्धा करत १८६७ साली नागपुरात आली ती मुख्यतः कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. त्या काळी फोटो रसायन लावलेल्या काचेवर उमटे, आणि ती काच ओली असतानाच तो घ्यावा आणि धुवावाही लागे. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि आपल्या वैशाखात त्याहूनही कमी. प्रकाशही बराच वेळ घ्यावा लागत असल्याने धावती गाडी त्या काचेवर धूसर रेघ होऊन उरायची. म्हणून देशभरातल्या त्या काळच्या रेल्वे-फोटोंत उभी इंजिनं, पूल आणि ताठ उभी माणसंच दिसतात. शिवाय त्या काचेला निळा रंग फार लवकर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे आकाश कोरं पांढरं आणि कवेलूंची छपरं काळीभोर येत. ते पाहून दिवस ढगाळ होता असं कुणी समजू नये.

तारीख लिहिलेली नसेल तर पार्श्वभूमीच तारीख सांगते. स्टेशनाजवळ एम्प्रेस मिल दिसत असेल, तर फोटो १८७७ नंतरचा. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन, भराव टाकून ही गिरणी उभी केली. रेल्वे जवळ आणि कापूस त्याहून जवळ, म्हणून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. त्या दलदलीत सोनं पुरायला पैसे कशाला द्यायचे, असं म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारल्याची गोष्ट आजही सांगतात. गिरणी २००२ साली बंद झाली. आता तिथे मॉल आहे, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढीही ओसरत चालली आहे.

शहराच्या पूर्वेकडे रुळांची रुंदीच काळ सांगते. १८८० ते १८८२ दरम्यान नागपूरहून राजनांदगावकडे मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकली गेली. तिच्यामागे १८७० च्या दशकातल्या दुष्काळाचा धडा होता. छत्तीसगडातलं धान्य बाहेर काढायला रस्ताच नव्हता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ही लाईन घेऊन रुंद केली आणि १८९१ मध्ये ती आसनसोलपर्यंत नेली. म्हणजे या बाजूला मीटर गेजवरची गाडी दिसली, तर फोटो त्या थोड्याच वर्षांतला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात याच कंपनीची अडीच फुटी छोटी लाईन आली. एक फाटा नागभीडकडे गेला, दुसरा सौंसर करत छिंदवाड्याकडे.

आज आपण ज्याला नागपूर स्टेशन म्हणतो ती सावनेरच्या दगडातली इमारत १५ जानेवारी १९२५ ला मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुली झाली. ती दिसली नाही, म्हणून फोटो त्याआधीचा असं मात्र धरू नये. फोटोवाला फलाटाच्या कुठल्या टोकाला उभा होता, हे आधी ठरवावं लागतं. त्याच दशकात इटारसीची लाईन जोडली गेली, १९२९ साली काझीपेट-बल्लारशाह दुवा पूर्ण झाला, आणि दिल्ली-मद्रास गाडी नागपूरवरून धावू लागली. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या मार्गांचे रूळ एकमेकांना कापतात ते मोहननगरजवळचं डायमंड क्रॉसिंग पाहायला लोक आजही मुद्दाम येतात.

छोट्या लाईनबद्दल जरा थांबून लिहावंसं वाटतं, कारण माझ्या घरातला एकमेव रेल्वे-फोटो तिचाच आहे. इतवारी स्टेशनवर वडील छिंदवाड्याच्या गाडीच्या दारात उभे आहेत. मागे सायकलरिक्षांची रांग, एक हातगाडी, आणि आता नसलेलं चिंचेचं झाड. फोटोच्या पाठीवर काहीही लिहिलेलं नाही. वडिलांना मी वेळेवर विचारलं नाही, याची हळहळ अजून आहे. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. इंजिन आणि डबे बघायचे असतील तर मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेज संग्रहालय आहे. ते चांगलं जपलेलं आहे, पण चिंचेचं झाड संग्रहालयात कसं ठेवणार?

गेल्या दहा-बारा वर्षांत तर रुळांभोवतालचं नागपूर सपाट्याने पालटलं. २०१४ साली रुळांवरच्या रामझुला पुलाचा पहिला भाग खुला झाला. २०१९ मध्ये मेट्रो धावली. अजनीच्या रेल्वे वसाहतीतली जुनी झाडं वाचवायला ‘अजनी वन’ म्हणत लोक रस्त्यावर उतरले. मुख्य स्टेशनाच्या पुनर्विकासाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. टेकडी गणपतीसमोरच्या उड्डाणपुलाने तर स्टेशनाचा दर्शनी भाग कितीतरी वर्षं झाकून टाकला होता. २०२३ मध्ये तो पूल पाडायला घेतला. पुलाखालच्या गाळ्यांत ज्यांची दुकानं होती त्यांचं नुकसान झालं, हेही त्या मोकळ्या झालेल्या दृश्याबरोबर लिहून ठेवायला हवं.

गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो असे चार थर झाले आहेत. तिथला लोखंडी सांगाडा १,६५० टनांचा आहे. मागच्या महिन्यात मी तिथे फोटो काढले ते त्या सांगाड्याचे नाहीत. खालच्या रस्त्याचे, तिथल्या चहाच्या टपरीचे आणि गुरुद्वाराकडे जाणाऱ्या माणसांचे काढले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख, वेळ आणि मी कुठल्या कोपऱ्यावर उभा होतो ते लिहिलं आहे.