‘झोंबी हरणं’ आणि प्रथिनाची बिघडलेली घडी

‘झोंबी हरणं’ असा मथळा पुन्हा वाचला आणि वैताग आला. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज झालेली हरणं कुणावर चाल करून जात नाहीत. बिचारी खंगतात, मान टाकून उभी राहतात, लाळ गाळतात आणि मरतात. १९६७ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका संशोधन केंद्रातल्या बंदिस्त हरणांत हा आजार प्रथम दिसला.

याच्या मुळाशी ना विषाणू आहे, ना जिवाणू. आहे ते एक प्रथिन, प्रायॉन. त्याचं निरोगी रूप हरणाच्या (आणि आपल्याही) चेतापेशींवर एरवी असतंच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. निरोगी रूपात तिचे बरेच भाग मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. बिघडलेल्या रूपात तीच माळ, एकही मणी न बदलता, सपाट पट्ट्यांत दुमडते. पट्ट्यांवर पट्ट्या रचून तंतू बनतो. खरी करामत त्याच्या टोकाशी घडते. निरोगी प्रथिन तिथे टेकलं, की आपली घडी मोडून साच्याबरहुकूम बसतं आणि स्वतःच पुढचा साचा होतं. तंतू तुटला की दोन टोकांची चार होतात. म्हणून आजार आधी रेंगाळतो, मग झपाटतो. साधारण दीड-दोन वर्षं हरीण ठणठणीत दिसतं, पण त्याच काळात लाळ, मूत्र आणि लेंड्यांतून प्रायॉन बाहेर टाकू लागतं. मारायला इथे जनुकंच नाहीत, त्यामुळे अतिनील किरणांना प्रायॉन फारसा दाद देत नाही, आणि उकळूनही जात नाही. मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाला चिकटला, की वर्षानुवर्षं संसर्गक्षम राहतो.

औषध नाही, लस नाही. उरतं ते कळपाचं व्यवस्थापन. हरणांसाठी मक्याचा ढीग किंवा मिठाची ढेप ठेवणं ही इथे भूतदया नव्हे, कारण सगळ्या कळपाची तोंडं एकाच जागी लागतात. शिकारीनंतर मेंदू आणि पाठीचा कणा बाधित प्रदेशाबाहेर न्यायचा नाही, घशामागच्या लसिका ग्रंथी तपासणीला द्यायच्या. माणसाला हा आजार झाल्याची एकही सिद्ध नोंद नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नका असंच सांगितलं जातं. शिकाऱ्यांना रुचत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. प्रौढ नरांत संसर्ग माद्यांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि भरघोस शिंगांसाठी राखून ठेवले जातात तेही नेमके हेच नर!

नॉर्वेने टोकाचा उपाय केला. २०१६मध्ये नॉर्डफिएला भागातल्या रानटी रेनडिअरमध्ये आजार सापडला, आणि दोन हजारांहून जास्त जनावरांचा तो अख्खा कळप २०१८पर्यंत मारला गेला. त्यांतली बाधित निघाली जेमतेम १९. प्रायॉन मातीत उरला असणार, म्हणून तो डोंगराळ मुलूख पुढे काही वर्षं रेनडिअरविना ठेवायचं ठरलं. मिठाच्या ढेपा ठेवत त्या जागांभोवती कुंपणं घालावी लागली.