अजगराचं पिल्लू की घोणस?

नदीकाठच्या झाडोऱ्यात किंवा माळावरच्या गवतात जाडजूड, तपकिरी चट्ट्यांचा साप सुस्त पडलेला दिसला की ‘अजगराचं पिल्लू आहे’ असं कुणीतरी म्हणतंच. याच समजुतीने लोक घोणस हातात उचलतात आणि जिवाला मुकतात.

गोंधळाचं मूळ लांबीत आहे. अजगर अंड्यातून निघतो तोच दीड-दोन फुटांचा. पुढे तीन-चार फुटांचा झाला की तो पूर्ण वाढलेल्या घोणशीएवढा दिसतो.

आधी नक्षी पाहावी, तीही लांबूनच. घोणशीच्या पाठीवर लंबगोल, काळ्या कडेच्या ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात. अजगराचे चट्टे मोठे, वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नसलेले. साप चिखलाने माखलेला किंवा कात टाकायला आलेला असेल, तर मात्र नक्षी फसवते. तेव्हा अंगाची चमक उपयोगी पडते. अजगराचे खवले गुळगुळीत, तकतकीत. घोणशीच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध उभी धार असते, त्यामुळे ती खरखरीत आणि निस्तेज दिसते. ‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ हा ठोकताळा इथे पार निरुपयोगी आहे. डोकं दोघांचंही मानेपेक्षा रुंद असतं, डोळ्यांतल्या बाहुल्याही दोघांच्या उभ्याच.

डिवचलेली घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांबलचक फुत्कार टाकते. फुत्कार अजगरही टाकतो, पण इतका जोरकस नाही. आवाज आला नाही म्हणून अजगरच असेल, असं मात्र धरून चालू नये.

अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. मला हे फार विलक्षण वाटतं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि वीतभर पिल्लूही जन्मापासून विषारी असतं.

अजगर बिनविषारी असला तरी चावला की जखम खोल होते. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून चावलेला साप ‘अजगरच होता’ असं वाटलं तरी घरी थांबू नये. आवळपट्टी बांधणं, जखम कापणं टाळावं; चावलेला हात-पाय न हलवता दवाखाना गाठावा. साप पकडून नेण्याची गरज नाही. तिथे काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त 20 मिनिटं स्थिर ठेवतात. ते गोठलं नाही, तर प्रतिविष सुरू करतात.