उसण भरली म्हणून शेकत बसला, निघालं छातीत पाणी

आमच्या बीडकडं श्वास घेताना बरगडीत कळ आली की निदान ठरलेलं, उसण भरली. मग तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकायचं, नाहीतर गल्लीतला कोणी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस गाठून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. माझ्या मामाचं बी तेच झालं. ऊसतोडीहून आला आन उजव्या कुशीत असं चमकायचं की शिंक येतीय म्हणलं तरी दोन्ही हातानं बरगडी दाबून धरायचा, खोकायला भ्यायचा, संध्याकाळी अंगात कणकण. आठ-दहा दिवसांनी दुखणं कमी झालं, सगळे म्हणले पायाळूचा गुण आला. पण मामाला आता घरापासून रस्त्यापर्यंत जाताना धाप लागायला लागली. एक्स-रे काढला तर उजवी बाजू खालून पांढरीफेक.

ह्याला डॉक्टर लोक प्लुरसी म्हणतात, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला आलेली सूज. फुफ्फुसाला एक पातळ पडदा चिकटलेला असतो आन बरगड्यांच्या आतल्या बाजूला, शर्टाला अस्तर असावं तसा, दुसरा. दोघांच्या मधी दोन-चार चमचे पाणी असतंय, त्याच्यामुळं श्वास घेताना एकावर एक गुळगुळीत सरकतात. सूज आली की पडदे खरबरीत होतात आन प्रत्येक श्वासाला घासतात. स्टेथोस्कोप लावला तर ते घासणं चक्क ऐकू येतं, नवी वहाण करकरती ना, तसं. श्वास रोखला की आवाज बंद.

आता खरी गंमत. फुफ्फुसाला आन त्याला चिकटलेल्या पडद्याला दुखणं कळतच नाही, कळतं ते बरगडीकडच्या अस्तराला. म्हणून माणूस बोट ठेवून जागा दाखवतो, इथंच टोचतंय. सूज छातीखालच्या पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या मधोमध असली तर दुखतंय खांद्यात, कारण दोन्हीकडच्या नसा मानेतल्या एकाच जागी जातात. आपण बसतो खांद्याला बाम चोळत. काहीजण दुखऱ्या कुशीवरच झोपतात, दाबली गेली की ती बाजू कमी हलते, जरा बरं वाटतंय.

आन मामाचं दुखणं थांबलं कशानं? सुजेमुळं मधी पाणी साचत गेलं, पडदे एकमेकांपासून लांब झाले, घासणं बंद. पण त्याच पाण्यानं फुफ्फुस दाबलं, म्हणून धाप. कळ गेली आन दम लागायला लागला तर तो गुण आलेला नसतोय, पाणी भरलेलं असू शकतंय.

कारणं म्हणाल तर बरीच. व्हायरल ताप, न्यूमोनिया, बरगडीला मार, संधिवात किंवा ल्युपससारखे, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असले आजार, कधी कॅन्सर. ऑपरेशननंतर पडून राहिलेल्या किंवा लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला अचानक कळ आन धाप आली, खोकल्यात रक्त दिसलं, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते, तिथं तासाचा बी उशीर नको. हार्ट अटॅक बी छातीतच दुखतो, तेव्हा घरी ठरवत बसू नये.

पण आपल्याकडं तरण्या माणसाच्या एका बाजूला पाणी झालं की डॉक्टरच्या डोक्यात पहिलं येतं टीबी. ह्या टीबीत खोकला कोरडा, थुंकीत जंतू सापडतीलच असं नाही, पाण्यात बी कमीच असतात, कारण ते पाणी जास्त करून शरीराच्या प्रतिकारामुळं साचतंय. म्हणून सुईनं पाणी काढून तपासावं लागतं, एडीए नावाची टेस्ट करतात, लागलं तर पडद्याचा तुकडा काढतात. आन हा टीबी लई लबाड, काही वेळा औषध न घेता बी पाणी दोन-चार महिन्यात आटतं, माणूस कामाला लागतो आन पुढच्या काही वर्षात तोच फुफ्फुसात उफाळून येतो.

मामाला पुढं वाकून स्टुलावर उशी घेऊन बसवलं, पाठीत सुई घातली आन बाटलीत कडब्यासारखं पिवळसर पाणी उतरत गेलं. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी पाठ टेकून झोपला. पुढं टीबीच्या गोळ्या 6 महिने, सरकारी दवाखान्यातून फुकट. दुसऱ्या महिन्यातच बरं वाटलं म्हणून बंद करायला निघालता, मामीनं डबा आपल्याजवळ ठेवला आन रोज सकाळी समोर उभं करून गिळायला लावल्या. पहिल्या आठवड्यातला फरक मात्र पायाळूमुळंच पडला, असं मामा आजबी म्हणतो.