केंद्रकाचा विद्युत द्विध्रुव : शून्य मोजण्याची विद्या

खानापूर आमच्या बेळगाव सीमाभागात मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. तिथल्या कुंभाराच्या चाकाचे चित्रीकरण उलटे चालवून पाहिले, तर चाक विरुद्ध बाजूने फिरू लागते, मातीचा गोळा मात्र चाकाच्या वरच राहतो. अणूच्या केंद्रकाचेही तसेच आहे. त्यातील धन प्रभार स्पिनच्या, म्हणजे केंद्रकाच्या अंगभूत फिरकीच्या, अक्षावर किंचित एका टोकाकडे सरकलेला असेल, तर केंद्रकाला कायमचा विद्युत द्विध्रुव आघूर्ण आहे असे म्हणतात. काळ उलटा केला की स्पिनची दिशा पालटते, प्रभाराचे सरकणे पालटत नाही. म्हणून असा आघूर्ण सापडला, तर निसर्गाचे नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखे नाहीत हे सिद्ध होईल. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य अधिक का उरले, याची भौतिकशास्त्रज्ञ सखारोव्ह यांनी १९६७ साली केलेली मीमांसा याच जातीच्या असमतेवर उभी आहे.

भौतिकशास्त्रज्ञ पर्सेल आणि रॅम्झी यांनी १९५० साली हा शोध सुचवला, पण आजवर हाती शून्यच आले आहे. १९९ वस्तुमानांकाच्या पाऱ्यावर सिएटल येथे झालेल्या प्रयोगाने २०१६ साली घातलेली मर्यादा अशी : इलेक्ट्रॉनच्या प्रभाराएवढ्या प्रभाराचे सरकणे, ७.४ ला १ वर ३० शून्ये असलेल्या संख्येने भागून येईल, तितक्या सेंटिमीटरहून कमीच असले पाहिजे. शून्यच येणार असेल तर एवढा खटाटोप कशाला, असे बेळगाव-निपाणीकडचा विज्ञान शाखेचा विद्यार्थी विचारील, आणि ते रास्तच आहे. उत्तर एवढेच, की मर्यादा जितकी घट्ट, तितके नवे सिद्धान्त बाद होतात.

खरी गुंतागुंत पुढे आहे. बाह्य विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या उदासीन अणूचे केंद्रक जागचे हलत नाही, म्हणजे त्याच्यावरचे सरासरी क्षेत्र शून्य असते. इलेक्ट्रॉन स्वतःची मांडणी बदलून ते पुरते झाकून टाकतात. भौतिकशास्त्रज्ञ शिफ यांनी १९६३ साली हे दाखवले. तरीही केंद्रक बिंदूएवढे नसल्यामुळे, त्यातील प्रभाराची आणि द्विध्रुवाची पसरण तंतोतंत जुळत नाही, आणि जो फरक उरतो त्याला शिफ आघूर्ण म्हणतात. प्रयोगात दिसू शकते ते एवढेच. ते केंद्रकातील बलांवरून काढणे हे सैद्धान्तिक केंद्रकीय भौतिकीचे काम. पाऱ्याच्या बाबतीत मात्र अनेक लहान पदे एकमेकांना खोडतात, त्यामुळे वेगवेगळ्या गणितांत, बलांवरून शिफ आघूर्ण काढून देणाऱ्या काही गुणकांचे चिन्हसुद्धा जुळत नाही. माझ्या मते या क्षेत्राचे खरे दुखणे हेच आहे : मोजमाप विलक्षण नेमके, आणि त्याचा अर्थ लावणारा आकडा डळमळीत.

रेडियम-२२५ येथे अधिक आश्वासक ठरते. त्याचे केंद्रक नासपतीच्या आकाराचे असल्याने, विरुद्ध समतेची (म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबात उलट चिन्ह घेणारी) जोडीदार अवस्था मूळ अवस्थेच्या केवळ ५५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट वर असते. दोन अवस्था इतक्या जवळ असल्या की क्षीण बलही त्यांची सरमिसळ करते, आणि शिफ आघूर्ण पाऱ्याच्या शेकडो पट होऊ शकतो. अडचण अशी, की हे रेडियम सुमारे १५ दिवसांत निम्मे होते. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्याचे अणू लेझरने धरून मोजमाप झाले आहे, पण २०१६ सालची ती मर्यादा पाऱ्याच्या मानाने सुमारे २० लाख पट ढिली आहे.

इलेक्ट्रॉनांचा अडसरच नको असेल, तर उघडे केंद्रक वर्तुळाकार नळीत फिरवत ठेवावे, अशीही योजना आहे. त्यासाठी ड्यूटेरॉन सोयीचा, कारण त्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढेच असल्याने त्याचे गणित पाऱ्याच्या २०० च्या आसपास कणांपेक्षा कितीतरी भरवशाने मांडता येते.