पादोवातलं जोत्तोचं चॅपल : पंधराच मिनिटं का?

इटलीतल्या पादोवा शहरात एक छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनागृह आहे आणि त्याच्या भिंती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जोत्तो या चित्रकाराने रंगवल्या आहेत. तिकिटावर सव्वादहाची वेळ छापलेली असली, तरी ही चित्रं प्रत्यक्ष दिसतात साडेदहाला. आधीची पंधरा मिनिटं काचेच्या एका खोलीत बसून काढायची असतात. जास्तीत जास्त २५ माणसं आत घेतात, बाहेरचं दार लावतात आणि पडद्यावर चॅपलची माहिती सुरू होते. फिल्म चालू असताना यंत्रणा खोलीतली हवा बदलत असते. अंगावरून, कपड्यांवरून आलेली धूळ आणि दमटपणा चॅपलला सोसेल इतका खाली आला की आतलं दार उघडतं. त्यानंतरची पंधरा मिनिटं जोत्तोची. दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडी नसतात, म्हणूनच उशिरा आलेल्याला मधेच आत घेता येत नाही. पाळी चुकली की चुकली.

व्हेनिसहून पादोवा रेल्वेने तासाभराच्याही आत येतं आणि स्टेशनपासून चॅपल चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दिवसाचा बेत मात्र या अर्ध्या तासाभोवती बांधावा लागतो. तिकीट आधी काढून ठेवावं, सामान जमा करायला वेळ हाताशी ठेवावा, आणि सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी चॅपल उघडं असलं तरी शेजारचं एरेमितानी संग्रहालय बंद असतं.

चॅपल बांधलं एन्रिको स्क्रोवेन्यी या धनाढ्य माणसाने. १३०० साली त्याने जुन्या रोमन रंगमंडळाची, म्हणजे अरेनाची जागा विकत घेतली, तिथे वाडा उठवला आणि वाड्याला चिकटून खासगी प्रार्थनागृह बांधलं. त्याचा बाप रेजिनाल्दो सावकार होता, आणि चर्चच्या लेखी व्याज खाणं हे पाप. इटालियन कवी दान्तेने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्यातल्या नरकात सावकारांच्या रांगेत गळ्यात थैली अडकवलेला एक पादोवाकर बसवला आहे. नाव दिलेलं नाही, पण थैलीवर निळी डुकरीण काढलेली आहे आणि तेच स्क्रोवेन्यी घराण्याचं चिन्ह. बापाच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून लेकाने चॅपल बांधलं, ही कथा सगळीकडे सांगतात. काही अभ्यासकांना ती इतकी सरळ वाटत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १३०५ च्या जानेवारीत शेजारच्या एरेमितानी मठातल्या साधूंनी बिशपकडे तक्रार केली होती : परवानगी घरगुती देवळाची होती, इथे घंटाघरासकट मोठं चर्चच उभं राहतंय, आणि त्यात भक्तीपेक्षा बडेजाव जास्त आहे. तरीही २५ मार्च १३०५ ला चॅपलचा अभिषेक झालाच.

इमारत तशी साधी विटांची, जेमतेम २१ मीटर लांब आणि साडेआठ मीटर रुंद. उत्तरेला वाडा लागून होता, त्यामुळे त्या भिंतीला खिडकी नाही. दक्षिणेच्या भिंतीला सहा आहेत. चित्रकाराला सलग भिंती मिळाल्या त्या यामुळेच.

भिंतीवरचं काम फ्रेस्कोचं, म्हणजे ओल्या चुन्यावरचं. आधी जाड वाळूचा खडबडीत थर देतात. तो सुकला की त्यावर बारीक वाळू आणि भिजवलेल्या चुन्याचा पातळ गिलावा, पण फक्त त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच. या तुकड्याला इटालियनमध्ये ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. काम वरून खाली उतरतं, नाहीतर वरचे ओघळ खालच्या तयार चित्रावर पडतील. रंगात गोंद किंवा अंडं घालायची गरज नसते, नुसतं पाणी पुरतं. गिलावा सुकताना विरलेला चुना पृष्ठभागावर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याची चुनखडीसारखी कडक पापडी बनते. रंगाचे कण त्या पापडीत कैद होतात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतच होतो. गिलावा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर तो रंग धरत नाही. उरलेला भाग कापून काढायचा आणि नवा थर द्यायचा. नव्या तुकड्याची कड जुन्यावर किंचित चढते. बाजूने प्रकाश टाकला की हे सांधे दिसतात आणि कुठला भाग आधी रंगवला ते कळतं.

गेरू, पिवडी, हिरवी माती हे रंग चुन्याला सोसतात. निळ्याचं दुखणं वेगळं. चॅपलचं आकाश ज्या अझुराइटने रंगवलं, ते तांब्याचं खनिज ओल्या चुन्यात टिकत नाही, म्हणून ते सुक्या भिंतीवर चिकटद्रव्यात कालवून लावावं लागतं. त्यामुळे ते पापडीच्या आत नसतं, नुसतं वर चिकटलेलं असतं, आणि चिकटद्रव्य म्हातारं झालं की गळतं. येशूजन्माच्या चित्रात मारियेच्या अंगावरचा झगा पाहा : निळा जवळपास झडून गेला आहे आणि खालचा थर उघडा पडलाय. बाजूचे मातीचे रंग मात्र शाबूत आहेत.

अजिंठा पाहिलेल्या माणसाने इथे एक फरक ध्यानात ठेवावा. अजिंठ्याची चित्रं मातीच्या लेपावर, सुक्या पृष्ठभागावर काढलेली आहेत, म्हणजे तिथले सगळेच रंग इथल्या निळ्यासारखे वर चिकटलेले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने त्यांच्या दुरुस्तीसाठी दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटू पाहणारे पोपडे पुन्हा बसवले, पण वरून दिलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं आणि ते काढायचं काम नंतरच्या पिढ्यांच्या माथी आलं.

पादोवाला परत. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात मालकांनी शेजारचा वाडा पाडला. पाच शतकं आडोशाला असलेली उत्तरेची भिंत थंडी-पावसात उघडी पडली. नगरपालिकेने १८८० मध्ये चॅपल ताब्यात घेतलं. विसाव्या शतकात धुराड्यांचा आणि गाड्यांचा धूर आला. त्यातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याशी मिळून आम्ल होतो आणि चुनखडीच्या पापडीचं जिप्सम करतो. जिप्समला जागा जास्त लागते, त्यामुळे पापडी फुगते, सुटते आणि रंग घेऊन पडते. ओल नसेल तर हे फारसं घडत नाही. आणि ओल आणतात माणसं : श्वास, घाम, भिजलेल्या छत्र्या. थंड भिंतीवर त्या वाफेचं दव धरतं. म्हणून २००० मध्ये ती काचेची खोली बांधली आणि भिंतींची शेवटची मोठी दुरुस्ती त्यानंतर, २००१-०२ मध्ये केली. क्रम महत्त्वाचा : आधी हवा, मग रंग.

पंधरा मिनिटांत सगळं पाहायच्या फंदात पडू नये. छोटी दुर्बीण असेल तर वरची ओळही वाचता येते. वेदीसमोरच्या कमानीवर येशूला दगा देण्यासाठी पैशाची थैली घेणारा त्याचा शिष्य यहूदा आहे, पिवळ्या झग्यातला, पाठीशी काळा सैतान. मग मागे वळून पश्चिमेची भिंत, अंतिम न्यायाची. क्रुसाच्या पायथ्याशी, स्वर्गाच्या बाजूला, एन्रिको गुडघे टेकून चॅपलची प्रतिकृती अर्पण करतोय. पलीकडे नरकात सावकार आपापल्या थैल्यांच्या दोऱ्यांनी टांगलेले. दोन्ही एकाच भिंतीवर, आणि खर्च एन्रिकोचा. बाजूच्या भिंतींच्या तळाशी संगमरवरी शिल्पाचा भास देणारे करड्या रंगातले सात सद्गुण दक्षिणेला आणि सात दुर्गुण उत्तरेला आहेत : पहिले स्वर्गाकडे नेणारे, दुसरे नरकाकडे. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या चित्रात गोठ्यावर तारा नाही, शेपटीवाला धूमकेतू आहे. हॅलेचा धूमकेतू १३०१ मध्ये दिसला होता, तोच जोत्तोने इथे काढला असं मानतात. १९८६ मध्ये त्याच्या जवळून गेलेल्या युरोपीय यानाचं नाव म्हणूनच ‘जोत्तो’.

दुपारनंतर कॅथेड्रलशेजारची बाप्तिस्मा-वास्तू (जुस्तो दे मेनाबुओईची चित्रं, १३७० च्या दशकातली) आणि संत अँथनीचं बॅसिलिका पाहून होतं. गोव्यात शिवोलीच्या चर्चमुळे ओळखीचा असलेला सांत आंतोन तो हाच. जन्म लिस्बनचा, मृत्यू १२३१ मध्ये पादोवाजवळ. बॅसिलिकेबाहेर शिल्पकार दोनातेल्लोचा ब्राँझचा घोडेस्वार उभा आहे. लहान चर्चेस दुपारी बंद होतात, तेव्हा जेवण त्या वेळेत उरकावं.

चॅपलमधून बाहेर पडल्यावर मात्र आधी शेजारच्या एरेमितानी चर्चमध्ये जावं. १३०५ ची तक्रार इथल्याच साधूंची. ११ मार्च १९४४ ला दोस्त राष्ट्रांचे बाँब या चर्चवर पडले. अंतर शंभर मीटरच्या आसपास, जोत्तोचं चॅपल वाचलं. मुख्य वेदीच्या उजवीकडच्या ओवेतारी चॅपलमध्ये चित्रकार मान्तेन्याने तरुणपणी, १४४८ पासून रंगवलेल्या भिंती कोसळल्या आणि त्यांचा अक्षरशः भुगा झाला. ऐंशी हजारांहून अधिक तुकडे गोळा केले गेले. कुठला तुकडा कुठला, हे जुन्या फोटोंशी संगणकावर ताडून ठरवलं आणि २००६ मध्ये ते भिंतीवर बसवले. फिक्या राखाडी छायाचित्रात मधेच एखादा रंगीत गाल, कोपर, कमानीची कड दिसते. तिथलीच दोन-तीन चित्रं मात्र जवळपास अखंड आहेत. ओल लागून ती खराब होत होती, म्हणून युद्धाच्या कितीतरी आधी भिंतीवरून सोलून दुसरीकडे हलवली होती.