खोक्यावर ३६००, संगणकात २१३३: म्हणून रॅम बनावट ठरत नाही

डीडीआर४ रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या मेमरीच्या एका पिढीच्या, खोक्यावर ३६०० हा वेग छापलेला असतो आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २६६६ दिसतं. लगेच निष्कर्ष निघतो: माल बनावट! हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो.

खोक्यावरचा आकडा म्हणजे कंपनीने तपासून पाहिलेला वेग. तो आपोआप लागू होत नाही. रॅमच्या पट्टीवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. तिच्यात जेडेक या मानक संस्थेचे वेग नोंदलेले असतात आणि मदरबोर्ड सुरुवातीला त्यांतलाच एक उचलतो. ३६००ची नोंद त्याच चिपमध्ये, पण वेगळ्या प्रोफाइलमध्ये असते. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात. एएमडीने पुढच्या पिढीच्या डीडीआर५साठी २०२२मध्ये तसंच एक्स्पो आणलं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन हे प्रोफाइल चालू केलं की वेग, टायमिंग (मेमरीच्या प्रतिसादाला लागणारे ठोके) आणि व्होल्टेज एकदमच बदलतात. डीडीआर४चं व्होल्टेज सहसा १.२ वरून १.३५ होतं. म्हणजे हे ओव्हरक्लॉकिंगच (मानक वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) झालं, जाहिरातीत मात्र हा शब्द क्वचितच दिसतो.

सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १८०० दिसलं तर काहीच बिघडलेलं नाही. घड्याळाच्या एका ठोक्यात डेटा दोनदा जातो, त्यामुळे तो आकडा दुप्पट करून वाचायचा.

प्रोफाइल लावल्यावर संगणक अडखळू लागला, तर चारही स्लॉट भरलेत का ते पाहा. त्याने प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. मदरबोर्डवरचे काही स्वस्त चिपसेट तर ठरावीक वेगापुढे जाऊच देत नाहीत. वेग ३४६६ किंवा ३२००वर आणा आणि मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवून बघा.